कैलासवासी टाकी

‘अपूर्वशी बोलणं झालंय माझं,’ विश्राम साळवी जिन्यात म्हणाला. मी भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर टेकवून दम खात होते आणि तो गच्चीची किल्ली बोटात फिरवत वरून उतरत होता. ‘रविवारी माणूस येतोय काकू. टाकी काढून टाकतो तुमची. वरचा सगळा स्लॅब भिजलाय. अपूर्व बोलला, काढा.’ एवढं सांगून तो खाली गेलासुद्धा. विश्राम आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. वाईट माणूस मुळीच नाही, गणपतीत आरतीचं ताट पहिलं माझ्यापुढे धरतो. पण त्या क्षणी वाटलं, याला हाक मारावी आणि सांगावं, बाबा रे, ज्या टाकीबद्दल तू बोलतोयस तिच्या खाली मी राहते. हाक काही तोंडातून फुटली नाही. राग आला की माझे कान आधी गरम होतात, तसे ते झाले. टाकी माझी, गळती माझी, आणि बोलणं माझ्या मुलाशी, अपूर्वशी! भेंडी, कोथिंबीर आणि लिंबं घेऊन मी तशीच थोडा वेळ उभी राहिले.

गळतंय हे मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळी भरलेली टाकी दुपारी चहाचं आधण ठेवायच्या वेळी रिकामी व्हायला लागली होती. नळ उघडला की आधी नुसता वारा यायचा, खोकल्यासारखा, आणि मग पाण्याची एक गुळणी. मला वाटलं, पालिकेतूनच कमी सोडत असतील. उन्हाळ्यात डोंबिवलीत पाण्याचं खापर फोडायला डोकी पुष्कळ मिळतात. मग जिन्याच्या छताला ओल धरली. समोरच्या ब्लॉकमधल्यांनी तक्रार केली. ती तक्रार विश्रामकडे गेली, विश्रामकडून ठाण्याला वर्तकनगरात माझ्या मुलाकडे गेली, आणि तिथून निकाल लागून परत आमच्या जिन्यात आली. हा सगळा प्रवास माझ्या डोक्यावरून झाला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि वर थेट गच्ची.

टाकी काढून टाकतो म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या इमारतीत पूर्वी सगळ्यांची मिळून एकच टाकी होती. मग कोण किती वेळ अंघोळ करतो आणि कोणाकडे किती पाहुणे येतात यावरून इतकी भांडणं झाली की प्रत्येकाने आपापली प्लास्टिकची टाकी गच्चीवर बसवून घेतली आणि सलोखा झाला. पुढे कोणी इंजिनिअर आला, त्याने गच्ची बघून मान हलवली. एवढं वजन नको म्हणाला. सभेत ठरलं, आहेत त्या टाक्या राहू द्या, नवी कोणी चढवायची नाही. ज्याची गेली त्याची गेली. त्याने खाली अंगणातल्या नळावर भरावं. लिफ्ट नाही. म्हणजे मंदाकिनी खांबेटे या एकट्या बाईने गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायच्या, किंवा सरळ भाषेत, घर सोडायचं. अपूर्वला हे कळत नव्हतं असं नाही. तो हुशार आहे, लहानपणापासून.

फोन मीच केला. ‘अगं, मी सांगणारच होतो तुला संध्याकाळी,’ तो म्हणाला. ऑफिसात होता, मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. ‘आई, ऐक ना. बाबा गेल्यापासून तू एकटी तिथे. गुडघे तुझे असे. आता ती टाकी पण गेली. कशाला ताणायचं? तात्पुरती ये. नाही आवडलं तर बघू.’ ‘नाही आवडलं तर काय? टाकी परत चढवणार?’ तो म्हणाला, ‘तू ना, शब्दात पकडतेस.’ ‘मग कशात पकडू?’ मग मैथिलीचा वेगळा फोन आला. ‘अहो आई, उर्वीच्या खोलीत तुमचा पलंग खिडकीशी लावलाय. हवा मस्त येते. आणि पाणी चोवीस तास, टेन्शनच नाही.’ सून चांगली आहे. मुलगा चांगला आहे, नात उर्वीही चांगली आहे. सगळेच चांगले आहेत आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगली माणसं अंगावर शाल पांघरतात, आणि पांघरता पांघरता आपले हात आत कधी अडकले ते आपल्यालाच कळत नाही. मी ‘रविवारी बघू’ म्हटलं आणि भेंडी धुवायला घेतली. नळातून वारा आला.

दुपारी गच्चीवर गेले. किल्ली विश्रामच्या दाराशी खिळ्याला असते, ती न विचारता घेतली. खरं सांगायचं तर टाक्या बसल्या तेव्हापासून मी माझी टाकी कधी नीट बघितलेली नव्हती. कुरडया वाळत घालायला वर यायचे तेव्हा टाक्यांच्या रांगेला वळसा घालून जायचे. आमच्या घरात खाती वाटलेली होती. गॅस, दूध, मुलाचे दात, सासूबाईंचं पथ्य माझ्याकडे. मीटर, टाकी आणि सोसायटीची सभा गुरुदत्तकडे. नवऱ्याचं नाव तो असताना मी कधी घेतलं नाही. तोंडावर ‘अहो’ म्हणायचे, मनात ‘अरे’. आता सरळ घेते, कोणाची भीती आहे? रविवारी सकाळी तो पट्ट्यांची हाफ पँट घालून वर जायचा, बोटाच्या पेराने टाकी वाजवायचा आणि खाली येऊन सांगायचा, ‘अर्धी आहे. कपडे उद्या.’ मी कपडे उद्या धुवायचे. त्या ‘अर्धी आहे’वर मी सगळा संसार केला. ती खरंच अर्धी असायची की याला आपलं काहीतरी सांगायचं असायचं म्हणून सांगायचा, देव जाणे. एकदा म्हटलं होतं, मी येऊ का वर बघायला? तर म्हणाला, ‘तुला काय कळणार त्यातलं?’ रागाने नाही, मायेनेच म्हणाला. मीही मायेनेच ऐकलं आणि पोहे परतत राहिले.

ऊन असं होतं की चपलेतून तळपाय भाजत होते. गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव. मागच्या रंगकामात पेंटरकडून नावं घालून घेतली होती, कोणाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवू नये म्हणून. श्री. वि. ग. साळवी. श्री. पी. के. नायर. श्री. र. म. टिकेकर. आणि कोपऱ्यातल्या टाकीवर, तितक्याच सुबक अक्षरात, कै. गुरुदत्त वा. खांबेटे. मी दोनदा वाचलं. मग मला हसू आलं. भर उन्हात, एकटी, तोंडाला पदर लावून मी हसले. टाकी कैलासवासी झाली होती! पेंटरची चूक नाही. त्याला सभासदांची यादी दिली, त्याने अक्षरन्‌अक्षर उतरवून काढलं. आपल्यात माणूस गेला की त्याच्या नावापुढचं श्री. काढून कै. लावायला कोणी विसरत नाही, पण ते नाव तिथून हलवायची मात्र कोणाला आठवण होत नाही. नावाच्या खाली टाकीच्या पोटाला आडवी चीर पडली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. दोन कावळे ओल्या स्लॅबवर उभे राहून चोचीने पीत होते. मी गेले तरी उडाले नाहीत. नाव वाचूनच आले असावेत. कै.ला पाणी मिळतंय, कावळा शिवतोय, सगळं यथासांग चाललेलं. अडचण काय ती माझ्या एकटीची होती.

‘काकू! उन्हात काय करताय? चक्कर येईल.’ विश्राम किल्ली शोधत वर आला होता. मी विचारलं, ‘विश्राम, ही टाकी कोणाची रे?’ ‘म्हणजे? तुमचीच ना.’ ‘वर काय लिहिलंय ते वाच.’ त्याने वाचलं आणि जीभ चावली. ‘सॉरी काकू. पेंटरने यादीतून घेतलं. मेंबर म्हणून अजून काकांचंच नाव आहे ना. अपूर्व बोललेला, ट्रान्सफर करू म्हणून. मग राहिलं ते.’ ‘मग ज्याची टाकी त्याला विचारायचंस.’ ‘काकांना?’ ‘ते नाहीत म्हणून तू त्यांच्या मुलाला विचारलंस. मधे त्यांची बायको होती, तिच्यावरून उडी मारून गेलास.’ तो ओशाळला. ‘तसं नाही ओ काकू. म्हटलं तुम्हाला कशाला त्रास.’ ‘दे की त्रास,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. ‘मलाही त्रास द्या रे कोणीतरी!’ कावळे तेव्हा कुठे उडाले. मी त्याला सांगितलं, नवी टाकी नको असं सभेत ठरलंय, जुनी दुरुस्त करू नये असं ठरलेलं नाही. रविवारपर्यंत हिला हात लावायचा नाही. मी दुरुस्त करते. ‘काकू, प्लास्टिक जुनं झालंय. उन्हाने तडकलंय. आज इथे सांधाल, उद्या तिथे फुटेल.’ ‘माझंही प्लास्टिक जुनंच आहे,’ मी म्हटलं. त्याला हसावं की नाही ते कळेना.

खाली आले ते कै. डोक्यात घेऊनच. मी सौ. होते तेव्हा त्या टाकीवर नव्हते, आणि श्रीमती झाले तरी नाही. गुरुदत्त गेला तेव्हा लोक येऊन अपूर्वच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, आता आईची जबाबदारी तुझी. मी तिथेच सतरंजीवर बसलेली असायचे. जबाबदारी म्हणजे मी. कोणी माझ्याकडे बघून म्हटलं नाही की मंदाकिनी, आता तुझी जबाबदारी तुझी. मला त्या दिवसांत दुःख झालं, खूप झालं, खोटं कशाला बोलू? पण दुःखाच्या तळाशी एक गोष्ट होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. पहाटे उठून मी सगळ्या घरातून एकदा फिरून आले होते, आणि वाटलं होतं, हे सगळं आता माझं. चहा केव्हा करायचा ते माझं, रेडिओ किती मोठा लावायचा ते माझं, खिडकी उघडी ठेवायची की नाही ते माझं. ही चैन मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती वर्तकनगरात खिडकीशी लावलेल्या पलंगावर मिळणार नव्हती. भीती वाटत नाही असं नाही. मागे एकदा न्हाणीघरात पाय घसरला, तर बराच वेळ फरशीवर बसून होते आणि छताकडे बघत होते. कोणाला बोलले नाही. बोलले असते तर पलंग तेव्हाच खिडकीशी लागला असता. तेव्हा मनात आलंच, ही मुलं म्हणतात ते खरं असलं तर? मग उठले, कोपराला हळद लावली आणि आमटी टाकली.

पहिला प्रयत्न फसला. हार्डवेअरवाल्याकडून ते दोन रंगांच्या कांड्या मळून लावायचं सील आणलं. डोंबिवलीत असं एक घर सापडणार नाही जिथे कुठल्या ना कुठल्या नळाच्या बुडाला ते थापलेलं नाही. टाकी रिकामी करून पुसली, शंकरपाळ्यांचं पीठ मळावं तसं मन लावून ते मळलं, चिरेवर थापलं, ओल्या बोटाने गुळगुळीत केलं. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि दुपारी जाऊन बघते तो सगळा लेप जखमेच्या खपलीसारखा अख्खा सुटून खाली पडलेला. पाणी होतं तसंच गळत होतं. त्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही. अंगाला तेल लावलेल्या पैलवानासारखं ते, कशालाच दाद देत नाही. संध्याकाळी अपूर्वने विचारलं, ‘झालं का?’ मी म्हटलं, ‘होतंय.’ ‘अगं, तू खरंच करतेयस? मी गंमत समजत होतो.’ ‘मीही आधी गंमतच समजत होते,’ म्हटलं, आणि दुसऱ्याच कसल्यातरी विषयावर बोलले.

त्या खपलीकडे बघत बसले असताना मला नौपाड्यातली आमची निळी बादली आठवली. आमच्या घरातली ती पहिली प्लास्टिकची बादली, वडिलांनी कौतुकाने आणलेली. तिला तडा गेला तेव्हा वडील म्हणाले, टाकून द्या. आई काही बोलली नाही. माझी आई, रमाबाई, मोठ्याने बोललेली मी फारशी ऐकली नाही. तिने लोखंडी उलथनं शेगडीवर लाल होईपर्यंत तापवलं, फुटक्या मगाचा तुकडा तड्यावर धरला आणि उलथन्याने दाबला. चर्र झालं. घरभर असा काळा, गोडूस, घशाला लागणारा वास सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वडील ओरडले, लोक काय म्हणतील. आई खोकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती दाबत होती. मी लहान होते, मला वाटलं ही रडते आहे. आता वाटतं, ती रडत नव्हती. माझ्या मनात तो वास वडिलांच्या ओरडण्याला चिकटून राहिला होता, म्हणून इतकी वर्षं त्यात आई दिसलीच नव्हती. बादली पुढे पुष्कळ वर्षं टिकली. मी विचारलं होतं, गोंद का नाही लावला? ती म्हणाली, ‘त्याला त्याचंच लागतं गं. परकं ते धरत नाही.’

त्याचंच म्हणजे टाकीचंच प्लास्टिक. ते कुठून आणायचं? फार लांब जावं लागलं नाही. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला देवयानीची टाकी होती, म्हणजे अर्धी होती. देवयानी दुसऱ्या मजल्यावरची, माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी मिळून किती वर्षं कुरडया घातल्या त्याला हिशेब नाही. ती मुलाकडे बंगळूरला गेली. तात्पुरती. पुढे फ्लॅटला कुलूप लागलं, आणि बंद घराला टाकी कशाला म्हणून ती मधोमध कापून त्यात कोरफड लावली. नाव अर्धं उरलं होतं आणि कोरफड मात्र जोरात आलेली. मी तिला फोन लावला. ती नेहमी गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलते. कोणी झोपलेलं नसतं, तरी हळू बोलते. ‘देवयानी, तुझ्या टाकीचा काठ कापून घेऊ का?’ ‘कशाला गं?’ सगळं सांगितलं.  मग तिने विचारलं, ‘म्हणजे तू जाणार नाहीयेस?’ ‘नाही.’ ‘घे. पाहिजे तेवढा घे. इथे सगळं छान आहे गं मंदा, नुसतं चहा प्यावासा वाटला तर विचारावं लागतं, बाकी सगळं छान आहे.’ आणि ती एकदम मोठ्या आवाजात म्हणाली, ‘सगळी टाकी कापून ने!’ मागून कोणीतरी विचारलं, आई, काय झालं? तिने फोन ठेवला.

मग मी कामाला लागले. मोबाईलवर एक हिंदी बोलणारा मिशाळ माणूस सापडला, तोही आईसारखंच सांगत होता, फक्त फार बडबडून. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र नवी कळली: चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मला ते फार पटलं. गुरुदत्तला रेडिओ उघडायचा नाद होता, त्याचं विजेवर तापणारं सोल्डरिंग माळ्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर वर सोडली, म्हणजे सोसायटीच्या विजेवरून कोणी बोलायला नको. टाकी उन्हात कोरडी ठणठणीत होऊ दिली. झाकण काढून, स्टुलावर चढून आत डोकं घातलं, आतून कुठवर गेलंय ते बघायला. आत काळोख होता आणि उकाडा, आणि शेवाळ्याचा थंडसर वास. त्या काळोखात चीर दिसली. बाहेरून काळ्यावर काळी असलेली ती चीर आतून नुसती उजेडाची रेघ होती. मी किती वेळ तशी वाकून राहिले कोण जाणे. इतकी वर्षं माझ्या घरातलं सगळं पाणी इथून आलं होतं. वरणाचं, चहाचं, अपूर्वच्या पहिल्या अंघोळीचं नाही, पण पुढच्या कितीतरी अंघोळींचं, गुरुदत्तला शेवटची घातली त्याचंही. आणि मी इथे कधी डोकावलेच नव्हते. काय वाटलं कोण जाणे, मी आत तोंड घालून माझं नाव घेतलं. मंदाकिनी. टाकीने ते गोल फिरवून मला परत दिलं, जाड, घुमणाऱ्या आवाजात, माझ्याच पण मी कधी न वापरलेल्या. मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने.

सोल्डरिंगचं टोक प्लास्टिकला लागलं तसा तोच वास आला. काळा, गोडूस.  देवयानीच्या टाकीच्या कापलेल्या पट्ट्या चिरेवर धरायच्या, टोक फिरवत न्यायचं, आधी चिरेच्या कडा वितळतात, मग पट्टी वितळते, मग दोन्ही एकमेकांत जातात आणि त्यांच्यात कोणतं कोणाचं ते राहत नाही. घाई केली की जळतं. थांबलं की भोक पडतं. घशात खवखव होत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी रडत नव्हते. उलट मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि त्या आनंदात पुष्कळ राग होता. तुला काय कळणार त्यातलं! हे बघ, कळलं. कशाला ताणायचं? माझं आहे म्हणून ताणायचं. पदर कमरेला खोचून, डोक्याला पंचा बांधून मी वितळवत होते आणि शेजारच्या इमारतीतून कोणीतरी खोकत खिडकी लावल्याचा आवाज आला. वरचं नाव तसंच राहू दिलं. मेलेल्या माणसाच्या नावाने पाणी भरायला माझी काही हरकत नाही. विचारायचं मात्र मला.

टाकी भरली तर एका टोकाला घाम फुटला. बारीक थेंब, पण थेंब. मी शिव्या घातल्या, ज्या मला येतात हे अपूर्वला माहीत नाही, पुन्हा रिकामी केली, पुन्हा वाळवली, पुन्हा सांधली. सांधा काही सुबक झाला नाही. जाड, वेडावाकडा, ऑपरेशनच्या व्रणासारखा दिसत होता. पण शनिवारी भरलेली टाकी शनिवारी संध्याकाळीही भरलेलीच होती. त्या संध्याकाळी मी दोनदा अंघोळ केली, गरज नसताना.

रविवारी अपूर्व सकाळीच आला, गाडीची डिकी रिकामी करून. पाठोपाठ विश्राम, आणि त्याच्याबरोबर दोर आणि करवत घेतलेला माणूस. सगळे वर गेलो. विश्रामने वाकून स्लॅबवर तळवा फिरवला, मग टाकीच्या बुडाखाली हात घातला आणि बाहेर काढून हाताकडे बघितलं. ‘सुकंय,’ तो म्हणाला. करवतवाल्याने सांध्यावरून अंगठा फिरवला. ‘ये तो पक्का है. निकालने का क्यूँ?’ अपूर्व मात्र टाकीकडे न बघता माझ्याकडे बघत होता. माझ्या अंगठ्याला भाजल्याचा फोड होता तो त्याला दिसला. ‘आई, हे किती दिवस टिकणार?’ ‘टिकेल तितके.’ ‘उद्या दुसरीकडे फुटली तर?’ ‘तर दुसरीकडे सांधीन.’ ‘आणि इथे चढताना तू पडलीस तर? सांग ना. पडलीस तर?’ त्याचा आवाज चिरकला. तो घाबरलेला होता, खरोखरच. बाप गेलेला पोरगा होता तो, त्याला आणखी काही जायला नको होतं. मला गलबलून आलं आणि तरीही मी मागे सरले नाही. ‘पडेन,’ मी म्हटलं. ‘तुझ्याकडे पडणार नाही असं कोणी लिहून दिलंय का? पडायचंच असेल तर माझ्या घरात पडेन.’ विश्रामने घसा खाकरला आणि सवयीने त्याच्याकडे वळला. ‘मग काय करायचं रे अपूर्व?’ ‘विश्राम,’ मी म्हटलं, ‘त्याच्याकडे काय बघतोस? इकडे बघ. टाकी राहणार.’ तो माझ्याकडे वळला. ‘बरं काकू,’ म्हणाला, आणि करवतवाल्याला घेऊन जिन्याकडे निघाला.

खाली आलो. अपूर्व घामाने निथळत होता. घरात आल्या आल्या सवयीने तो पाणी घ्यायला आत निघाला. ‘बस,’ मी म्हटलं. तो बसला. मी ताटलीत फुलपात्र आणि गुळाचा खडा ठेवून बाहेर आणलं आणि त्याच्यापुढे धरलं, उन्हातून आलेल्या कोणाहीपुढे धरावं तसं. त्याने गुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘हे काय आई? मी काय पाहुणा आहे?’

‘हो,’ मी म्हटलं. माझा आवाज कापला नाही याचं मलाच नवल वाटलं. ‘तुझ्याकडे आले की मी पाहुणी असते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे आलास की तू पाहुणा. हवा तेवढा राहा, हवं ते खा. पण या घरातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं ते माझं.’

त्याने गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायला, सगळं प्यायला, आणि रिकामं फुलपात्र हातात फिरवत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं आणि मी ते वाटू दिलं. बऱ्याच वेळाने तो उठला, चपला घातल्या आणि दारात थांबला. दाराच्या कडीशी चाळा करत त्याने विचारलं, ‘आई, पुढच्या रविवारी आलो तर चालेल?’

आजवर त्याने मला हे कधी विचारलेलं नव्हतं.

‘ये की,’ मी म्हटलं. ‘पण फोन करून ये.’